एकाच प्रजातीचे दोन स्ट्रेन प्रथिनांच्या बँडवरून वेगळे कसे ओळखायचे

सूक्ष्मदर्शकाखाली सारखे, ग्रॅम स्टेनला सारखे, साखरेच्या चाचण्यांनाही जवळपास सारखे. असे एकाच जिवाणूचे दोन स्ट्रेन (उपप्रकार) हातात असतील तर पेशीतली सगळी प्रथिनं एसडीएस या साबणासारख्या रसायनात सोडवून, विजेच्या दाबाने जेलमधून पळवून, आकारानुसार पडणारे पट्टे (बँड) पाहणं हा जुना पण अजूनही कामाचा मार्ग आहे. अशा जेलसाठीची लेमली यांची बफर-पद्धत १९७० ची. बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठात कर्स्टर्स आणि द ले यांनी १९७५ मध्ये अशा बँडच्या नक्षींचं आकडेवारीने वर्गीकरण करून दाखवलं. यंत्रसामग्री साधी लागते आणि दोन-तीन दिवसांत निकाल हातात येतो.

अडचण एकच आहे. जिवाणू काय खातो, किती तापमानात वाढतो आणि किती वेळ वाढलाय यावर त्याची प्रथिनं बदलतात. शिवाय नमुना कमी-जास्त पडला, जेल तापलं किंवा स्टेन नीट निघाला नाही तरी बँड बदलल्यासारखे दिसतात. त्यामुळे खालच्या बहुतेक सूचनांमागे एकच प्रश्न आहे: दिसलेला फरक स्ट्रेनचा आहे की आपल्या हाताचा?

वाढ: निम्मं यश इथेच

तुलनेत घ्यायचे सगळे स्ट्रेन एकाच दिवशी, एकाच बॅचच्या माध्यमात आणि एकाच इन्क्युबेटरमध्ये वाढवा. फ्रीझरमधून काढलेला स्ट्रेन थेट वापरू नका. आधी प्लेटवर रेघा ओढून एकेकटी वसाहत घ्या, ती पुन्हा एकदा नव्या प्लेटवर वाढवा आणि मगच द्रव माध्यमात टाका. दोन वेळा वाढवल्याने गोठण्याचा ताण उतरतो. भेसळ असेल तर तीही डोळ्याला दिसते. भेसळीच्या कल्चरमधून उत्तम जेल निघतं, फक्त ते दोन जिवाणूंचं मिळून असतं.

पेशी कधी गोळा करायच्या हे घड्याळावर सोडू नका. एक स्ट्रेन हळू वाढत असेल तर सोळाव्या तासाला तो अजून वाढीच्या ऐन भरात असेल आणि दुसरा उपाशी बसलेला असेल. मग जेलवर दिसतो तो वयातला फरक. दोन पर्याय आहेत. सगळ्यांच्या पेशी ६०० नॅनोमीटरवर ठरावीक ओडी (गढूळपणाचं माप) आल्यावर काढा, किंवा वाढीचा आलेख काढून सगळ्यांना स्थिर अवस्थेच्या सुरुवातीला पकडा. दुसरा पर्याय व्यवहारात सोपा पडतो, कारण तिथे नक्षी तासाभराच्या फरकाने फारशी हलत नाही. बीजाणू करणाऱ्या बॅसिलसला मात्र यात सूट नाही. त्यात काही पेशी बीजाणूकडे वळल्या की अख्खी नक्षी बदलते.

माध्यमातली प्रथिनंही त्रास देतात. रक्त-अगरवरून खरवडलेल्या पेशींबरोबर ६६ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वस्तुमानाचं एकक) आसपास अल्ब्युमिनचा आणि खाली १५-१६ च्या जवळ हिमोग्लोबिनचा ठसठशीत बँड येतो. दुधाच्या माध्यमातून केसीन येतं. शक्य असेल तर अशी माध्यमं टाळा. टाळता येत नसतील तर पेशी न घातलेलं माध्यम एका लेनमध्ये (जेलमधल्या एका नमुन्याच्या उभ्या रांगेत) पळवून त्याचे बँड आधी ओळखून ठेवा.

पेशी धुणं आणि फोडणं

१० मिलि कल्चर सेंट्रिफ्यूजमध्ये ५,००० जी वर (गुरुत्वाच्या ५,००० पट) ४ अंश सेल्सिअसला १० मिनिटं फिरवा. वरचं पाणी ओता. साका १० मिलिमोलर ट्रिस (एक बफर), पीएच ७.५ आणि १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइडच्या द्रावणात दोनदा धुवा. पोटॅशियम फॉस्फेट बफर हाताशी आहे म्हणून तो वापरू नका. पोटॅशियम आणि एसडीएस भेटले की पांढरा, न विरघळणारा साका होतो. तो उकळताना विरघळल्यासारखा वाटतो आणि थंड होताच विहिरीत (जेलमधल्या नमुना भरायच्या खाचेत) परत जमतो. लेनच्या तोंडाशी अडकलेला पांढरा गठ्ठा दिसला तर पहिला संशय यावरच घ्या.

आता प्रमाण. समजा कल्चरची ओडी १.२ आहे. ०.६ च्या वरचं वाचन सरळ रेषेत जात नाही, म्हणून कल्चर पातळ करून मोजा आणि पातळ केल्याच्या पटीने गुणा. १० मिलि गुणिले १.२ म्हणजे १२ ओडी-एककं. हा साका ०.६ मिलि ट्रिसमध्ये मिसळला की ओडी २० चं द्रावण होतं. त्यात तितकाच, म्हणजे ०.६ मिलि, दुप्पट तीव्रतेचा नमुना-बफर घातला की ओडी १० होते. ई. कोलायसारख्या जिवाणूत याच्या १० मायक्रोलिटरमध्ये साधारण १५ ते २० मायक्रोग्रॅम प्रथिन असतं आणि एका लेनला तेवढं पुरतं.

दुप्पट नमुना-बफर असा करा: १२५ मिलिमोलर ट्रिस पीएच ६.८, ४ टक्के एसडीएस, २० टक्के ग्लिसरॉल, १० टक्के बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल आणि रंगापुरता ब्रोमोफिनॉल ब्लू. मर्कॅप्टोइथेनॉल वापराच्या दिवशीच, धूर खेचणाऱ्या कपाटात घाला. बफर पडल्यापासून नमुना टेबलावर रेंगाळता कामा नये. काही प्रोटीएज (प्रथिनं तोडणारी एन्झाइम) एसडीएसमध्येही थोडा वेळ शाबूत राहतात आणि समोरची प्रथिनं उलगडलेली असल्याने त्यांचं काम सोपं होतं. मोठे बँड पुसट आणि खाली धूसर पट्टा, असं जेल बहुधा या दिरंगाईतून येतं. बफर घातला की लगेच ९५ अंशावर ५ मिनिटं ठेवा.

ग्रॅम-निगेटिव्ह पेशी एवढ्याने फुटतात. ग्रॅम-पॉझिटिव्ह फुटत नाहीत, किंवा अर्धवट फुटतात, आणि हे अर्धवट फुटणं सगळ्यात फसवं. एका स्ट्रेनची भित्तिका जरा जाड असेल तर तिच्यातून प्रथिनं कमी निघतात आणि आपण ते ‘बँड नाही’ असं वाचतो. इथे काचेचे ०.१ मिलिमीटरचे मणी वापरा. ०.५ मिलि पेशी-द्रावणात सुमारे ०.३ ग्रॅम मणी घालून जोरदार हलवणाऱ्या यंत्रात ४५ सेकंदांच्या सहा फेऱ्या द्या आणि प्रत्येक फेरीनंतर मिनिटभर बर्फात ठेवा. फोडण्याआधी १ मिलिमोलर पीएमएसएफ (प्रोटीएज रोखणारं रसायन) घाला. तो पाण्यात टिकत नाही, त्यामुळे आयत्या वेळी घाला. लायसोझाइम घालून भित्तिका सैल करता येते, पण जेलवर १४ किलोडाल्टनच्या जवळ लायसोझाइमचा स्वतःचा बँड उमटतो. स्टॅफिलोकोकसवर लायसोझाइम चालत नाही. तिथे लायसोस्टॅफिन लागतं आणि त्याचाही बँड येतो. मण्यांनी फोडलं तर हा प्रश्नच येत नाही.

उकळल्यावर नमुना शेंबडासारखा ताणला जात असेल तर तो डीएनए आहे. २६ गेजच्या सुईतून आठ-दहा वेळा ओढा किंवा सोनिकेटरचे छोटे ठोके द्या, नाहीतर पिपेटमध्ये नमुना नीट मोजलाच जात नाही आणि लेनमध्ये उभे ओघळ दिसतात. शेवटी १२,००० जी वर ५ मिनिटं फिरवून वरचं द्रावण घ्या. छोटे भाग करून उणे २० वर ठेवा. बाहेर काढल्यावर पुन्हा दोन-तीन मिनिटं ९५ अंशाला गरम करा, कारण थंडीत एसडीएसचे स्फटिक होतात.

प्रथिन मोजायचं असेल तर बफर घालण्याआधी थोडा नमुना बाजूला काढा. प्रथिन मोजण्याच्या ब्रॅडफर्ड चाचणीला एसडीएस चालत नाही आणि बीसीए चाचणीला मर्कॅप्टोइथेनॉल चालत नाही. मण्यांनी फोडलेल्या नमुन्यांना बीसीए करून सगळे एकाच तीव्रतेला आणणं उत्तम. नुसत्या ओडीवर विसंबलं तर आकाराने मोठ्या, साखळ्या करणाऱ्या किंवा गुठळ्या धरणाऱ्या पेशी हिशोब चुकवतात.

एक इशारा: ५ मिनिटांच्या उकळण्याने साध्या पेशी मरतात, बीजाणू मरतीलच असं नाही. बॅसिलसचे नमुने आणि त्यांच्या नळ्या जिवंत समजूनच हाताळा आणि ऑटोक्लेव्ह करून टाका.

जेल

जवळच्या स्ट्रेनसाठी १२ टक्क्यांचं जेल बरं पडतं. १५ ते १०० किलोडाल्टनचा पट्टा त्यात चांगला उलगडतो. छोट्या ८ सेंटिमीटरच्या जेलवर प्राथमिक चाचणी होते, पण ३७ आणि ३८ किलोडाल्टनचे बँड वेगळे पाहायचे असतील तर १६ ते २० सेंटिमीटर लांबीचं जेल घ्याच. इथे काटकसर केली तर पुढचं सगळं विश्लेषण धुक्यात चालतं.

१२ टक्क्यांच्या १० मिलि विभाजक (खालच्या, बँड वेगळे करणाऱ्या) जेलसाठी:
पाणी ३.३५ मिलि
१.५ मोलर ट्रिस, पीएच ८.८ : २.५ मिलि
१० टक्के एसडीएस : ०.१ मिलि
३० टक्के ॲक्रिलामाइड (१०० मिलिमध्ये २९.२ ग्रॅम ॲक्रिलामाइड आणि ०.८ ग्रॅम बिस) : ४ मिलि
१० टक्के अमोनियम परसल्फेट : ५० मायक्रोलिटर
टेमेड (जेल गोठायला मदत करणारं रसायन) : ५ मायक्रोलिटर

वरच्या ४ टक्क्यांच्या ५ मिलि जेलसाठी पाणी ३.०५ मिलि, ०.५ मोलर ट्रिस पीएच ६.८ हे १.२५ मिलि, १० टक्के एसडीएस ५० मायक्रोलिटर, ॲक्रिलामाइड ०.६५ मिलि, परसल्फेट २५ मायक्रोलिटर आणि टेमेड ५ मायक्रोलिटर.

न गोठलेलं ॲक्रिलामाइड मज्जासंस्थेला विषारी आहे आणि त्वचेतून आत जातं. हातमोजे घालाच. परसल्फेट ताजं करा. जेल गोठायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर बहुधा तेच जुनं झालेलं असतं. विभाजक जेल ओतल्यावर त्यावर पाण्याने संपृक्त ब्युटॅनॉलचा पातळ थर सोडा. हवेतला ऑक्सिजन गोठणं अडवतो आणि हा थर तो दूर ठेवतो, शिवाय कडा सपाट होते. ही कडा वाकडी असेल तर बँडही वाकडे येतात. अर्ध्या-पाऊण तासाने थर ओतून, पाण्याने धुऊन, टिपून वरचं जेल ओता आणि कंगवा लावा. विहिरीच्या तळापासून विभाजक जेलपर्यंत किमान एक सेंटिमीटर अंतर ठेवा. प्रथिनं एका बारीक रेषेत गोळा होण्यासाठी तेवढी जागा लागते.

धावता बफर: लिटरमागे ३.०३ ग्रॅम ट्रिस, १४.४ ग्रॅम ग्लायसीन आणि १ ग्रॅम एसडीएस. पीएच आपोआप ८.३ च्या आसपास येतो. आम्ल घालून तो जुळवू नका. तसं केलं तर क्लोराइड वाढतं आणि पळण्याचं गणित बिघडतं.

लेनची मांडणी डोकं लावून करा. ज्यांची तुलना करायची ते स्ट्रेन शेजारी ठेवावेत असं वाटतं, पण सगळे एका गटाचे डावीकडे आणि दुसऱ्या गटाचे उजवीकडे मांडले तर जेलचा तिरकेपणाच गट पाडून दाखवतो. नमुने मिसळून लावा. एक संदर्भ-स्ट्रेन ठरवा, त्याचा मोठा साठा एकदाच करून लहान भागांत गोठवा आणि तो प्रत्येक जेलवर पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या लेनच्या जागी लावा. पुढे दोन जेलं जुळवायची ती याच लेनच्या आधारे. बाजारातल्या मार्करमध्ये मोजकेच बँड असतात, तेवढ्यावर बारीक जुळणी होत नाही. रिकाम्या विहिरीत नुसता नमुना-बफर भरा, नाहीतर शेजारची लेन तिकडे फाकते.

वरच्या जेलमध्ये ८० व्होल्ट, रंगाची रेषा खालच्या जेलमध्ये शिरली की छोट्या जेलला १३० व्होल्ट. मोठ्या जेलला थंडावा द्या, पण फिरतं पाणी १० ते १५ अंशाचं ठेवा, कारण त्याहून थंडीत एसडीएस बाहेर पडायला लागतं. रंग तळापासून अर्धा सेंटिमीटरवर आला की थांबवा, आणि प्रत्येक जेल तिथेच थांबवा.

रंगवणं आणि फोटो

१ ग्रॅम कुमासी आर-२५० (प्रथिनांना चिकटणारा निळा रंग), ४०० मिलि मिथेनॉल, १०० मिलि ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड आणि ५०० मिलि पाणी. विरघळवून गाळा. जेल त्यात दोन तास ठेवा, नंतर १० टक्के मिथेनॉल आणि १० टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये पार्श्वभूमी स्वच्छ होईपर्यंत धुवा. मिथेनॉलमध्ये जेल आक्रसतं, त्यामुळे फोटोआधी सगळी जेलं ७ टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये ठेवून मूळ आकाराला येऊ द्या.

सिल्व्हर स्टेनने बारीक बँडही दिसतात, म्हणून त्याचा मोह होतो. तुलनेसाठी तो टाळा. रंगाची तीव्रता प्रथिनाच्या प्रमाणात वाढत नाही, दर वेळी डेव्हलपरमध्ये काही सेकंद इकडेतिकडे झाले की जेल वेगळं दिसतं, आणि त्वचेतलं केराटिन ५५ ते ६५ किलोडाल्टनच्या भागात भुताटकीसारखं उगवतं.

फोटो खालून येणाऱ्या पांढऱ्या उजेडावर काढा आणि १६ बिट टिफमध्ये साठवा. जेपेगमध्ये बारीक बँड पुसले जातात. सगळ्यात गडद बँड पूर्ण काळा झाला असेल तर एक्स्पोजर कमी करा, कारण काळ्याच्या पलीकडे मोजमाप होत नाही.

वाचन

आधी डोळ्याने पाहा. ई. कोलाय आणि त्याच्या जवळच्यांत ४३ किलोडाल्टनच्या आसपास एक भक्कम बँड सर्व लेनमध्ये असतो, त्यात इलाँगेशन फॅक्टर टीयू या प्रथिनं बनवायला मदत करणाऱ्या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. तो सगळीकडे सारख्याच जाडीचा आहे का? नसेल तर नमुना असमान पडलाय, आणि त्या लेनमध्ये ‘नसलेल्या’ बँडवर एक शब्दही लिहू नका. संशय असेल तर तोच नमुना ५, १० आणि २० मायक्रोग्रॅम असा शेजारी शेजारी पळवा. ५ ला न दिसणारा बँड २० ला स्पष्ट उमटला तर तो स्ट्रेनमध्ये होताच.

काही बँड वाढीच्या परिस्थितीनुसार इतके बदलतात की त्यांच्यावर निर्णय सोपवणं धोक्याचं. ई. कोलाय आणि साल्मोनेलात ३५ ते ४० किलोडाल्टनच्या भागात ओम्पएफ आणि ओम्पसी ही बाह्यपटलाची प्रथिनं असतात. माध्यम खारट असलं की ओम्पसी वाढतं आणि ओम्पएफ घटतं. ५० किलोडाल्टनच्या आसपासचं फ्लॅजेलिन शेपटीचं असतं आणि ती जोरात हलवलेल्या कल्चरमध्ये तुटून जाते. ६० आणि ७० च्या जवळ ग्रोईएल आणि डीएनएके ही उष्णतेच्या ताणात वाढणारी प्रथिनं असतात. अशा भागात फरक दिसला तर दोन्ही स्ट्रेन पुन्हा दोन वेगळ्या परिस्थितीत वाढवा. फरक दोन्हीकडे टिकला तर नोंदवा. लॅक्टोबॅसिलसच्या काही स्ट्रेनमध्ये पेशीवरच्या एस-लेयरचा एक अवाढव्य बँड लेनभर राज्य करतो. संगणकी तुलनेत तो भाग वगळून एकदा आणि धरून एकदा, असं दोनदा मोजा.

उलट काही बँड मात्र सोन्यासारखे असतात. बॅसिलस सीरियस आणि बॅसिलस थुरिंजिएन्सिस यांची बाकीची नक्षी अतिशय जवळची असते, पण बीजाणू तयार झाल्यावर थुरिंजिएन्सिसमध्ये कीटकनाशक स्फटिकाची प्रथिनं भरभरून येतात. कुर्स्ताकी प्रकारात १३० आणि ६५ किलोडाल्टनच्या आसपास, तर इस्राएलेन्सिस प्रकारात १३० च्या भागाबरोबर ७० च्या जवळ आणि २७ वर. इथे वय मुद्दाम वाढवायचं, बीजाणू होऊ द्यायचे, आणि वरचे मोठे बँड उलगडायला ८ ते १० टक्क्यांचं जेल घ्यायचं. ही जनुकं बहुतेक वेळा प्लास्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या तुकड्यावर) असतात. प्लास्मिड गमावलेला थुरिंजिएन्सिस या जेलवर सीरियससारखाच दिसेल, हे मात्र लक्षात असू द्या.

संगणकावर दोन रस्ते आहेत. पहिल्यात प्रत्येक लेनचा घनतेचा आलेख काढून, संदर्भ-लेननी जुळवून, पार्श्वभूमी वजा करून, आलेखांमधला पिअर्सन सहसंबंध (दोन आलेख किती जुळतात याचा आकडा) काढायचा. कोणता बँड मोजायचा हे इथे हाताने ठरवावं लागत नाही, पण पार्श्वभूमी डागाळलेली असेल तर आकडा हलतो आणि एकच जाड बँड निकाल ओढून नेतो. दुसरा रस्ता डाइस गुणांकाचा: समान बँडची दुप्पट भागिले दोन्हींच्या बँडची बेरीज. एका स्ट्रेनचे ३२ बँड, दुसऱ्याचे ३०, समान २७ असतील तर ५४ भागिले ६२, म्हणजे ८७ टक्के. यात पुसट बँड धरायचा की नाही यावर सगळं अवलंबून असतं, म्हणून तो निर्णय नमुन्याचं नाव झाकून घ्या. इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आलेख निघतात आणि गटांची झाडाकृती यूपीजीएमए या गटवारीच्या पद्धतीने आर या संगणकभाषेत काढता येते.

किती टक्क्यांना ‘वेगळा’ म्हणायचं याचा तयार आकडा कुणाकडून उसना घेऊ नका. प्रत्येक स्ट्रेनची तीन स्वतंत्र कल्चर वेगवेगळ्या दिवशी वाढवा, स्वतंत्र फोडा, स्वतंत्र जेलवर पळवा. एकाच नळीतून तीन लेन भरल्या तर फक्त पिपेट तपासला जातो. समजा एकाच स्ट्रेनच्या प्रती आपसांत ९२ टक्क्यांपर्यंत खाली घसरतात. मग दोन स्ट्रेन ९४ टक्के जुळत असतील तर या पद्धतीने ते वेगळे झालेले नाहीत. ‘एकच आहेत’ असंही त्यावरून म्हणता येत नाही. ई. कोलायमध्ये सुमारे ४,३०० प्रथिन-जनुकं आहेत आणि जेलवर आपण चाळीस-पन्नास बँड पाहतो. एका बँडखाली अनेक प्रथिनं दडलेली असतात. महत्त्वाचा बँड नक्की कोणतं प्रथिन आहे हे हवं असेल तर तो स्वच्छ ब्लेडने कापून ट्रिप्सिनने तोडून मास स्पेक्ट्रोमीटरवर पाठवा.

जेल कमी पडलं तर

दोन-मितीय जेलमध्ये आधी विद्युतभारावरून आणि मग आकारावरून प्रथिनं पसरतात, त्यामुळे एका बँडखालचे अनेक ठिपके सुटे होतात. त्या नमुन्यात युरिया असतो. तो ३७ अंशाच्या वर कधीही तापवू नका, नाहीतर प्रथिनांना कार्बामिल गट चिकटून एकाच प्रथिनाच्या ठिपक्यांची आडवी रांग लागते आणि ती स्ट्रेनचा फरक वाटते.

मॅल्डी-टॉफ या प्रथिनांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात साधारण २ ते २० किलोडाल्टनची प्रथिनं दिसतात, त्यांत रायबोसोमची बरीच असतात. ताज्या वसाहतीचा पातळ थर प्लेटवर द्या, त्यावर १ मायक्रोलिटर ७० टक्के फॉर्मिक ॲसिड घालून वाळू द्या आणि मग १ मायक्रोलिटर एचसीसीए मॅट्रिक्स (लेझरची ऊर्जा शोषणारं द्रावण). थर जाड झाला तर शिखरं रुंद आणि बुटकी येतात. नवख्या हाताकडून थर बहुधा जाडच होतो. जेलला न दिसणारे फरक इथे दिसू शकतात. १०,००० डाल्टनच्या प्रथिनात ॲलानीनच्या जागी सेरीन आलं की वस्तुमान १६ डाल्टनने वाढतं. जेलवर हा फरक दिसणं शक्य नाही, पण नीट कॅलिब्रेट केलेल्या यंत्रावर शिखर सरकलेलं कळतं. ल्युसीनच्या जागी आयसोल्युसीन आलं तर दोन्हींचं वस्तुमान सारखंच, काहीच कळत नाही. ई. कोलाय आणि शिगेला यांच्यात तर नेहमीच्या मॅल्डी-तपासणीचा निकाल विश्वासार्ह नसतो. तिथे जैवरासायनिक चाचण्या, सीरम किंवा जनुकांची तपासणीच करावी लागते.